५.१ इनिंग म्हणजे किती? बेसबॉलच्या आकडेवारीतलं टिंब नीट वाचण्याची पद्धत

जत्रांचा मोसम सुरू झाला की आमच्याकडे देवळांसमोर नाटकांचे फलक लागतात. ‘रात्रौ ठीक १०.३० वाजता’ असं त्यावर लिहिलेलं असतं. ते वाचून कोणी दहा वाजून अठरा मिनिटांनी मांडवात जाऊन बसत नाही. टिंबाच्या डावीकडे तास आणि उजवीकडे मिनिटं, हे न शिकवता कळतं. त्या फलकावरचं टिंब दशांशचिन्ह नव्हे, दोन वेगळ्या मापांमधली ती भिंत आहे. माणसाला हे कळतं. एक्सेलला कळत नाही, आणि बेसबॉलच्या फायलींमध्ये सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

मी फोंड्याला राहतो. आकड्यांच्या फायली साफ करणं हे माझं काम, आणि बेसबॉल हा पहाटेचा नाद. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी ७.०५ ला सुरू होणारा सामना उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे ४.३५ ला लागतो. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा भोंपू ऐकू येईपर्यंत सामन्याच्या नऊ फेऱ्यांपैकी सहावी-सातवी फेरी, म्हणजे इनिंग, चाललेली असते. मागच्या पावसाळ्यात डिचोलीचा एक कॉलेजचा मुलगा प्रकल्पासाठी पिचरांच्या, म्हणजे बेसबॉलमधल्या गोलंदाजांच्या, आकड्यांची फाइल घेऊन आला. एका पिचरच्या तीन सामन्यांत ६.१, ६.१ आणि ६.१ इनिंग होत्या. त्याच्या शीटने बेरीज दिली होती १८.३. “सर, पॉइंट तीन कुठे दिसत नाही, पण बेरजेत आला,” एवढंच तो म्हणाला. त्याची शंका अगदी योग्य जागी होती. बेरीज १९ यायला हवी होती.

मला हा विषय मनाला लावून घ्यावासा वाटतो, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी गावच्या क्रिकेट स्पर्धेत उत्कृष्ट गोलंदाज ठरवण्याचं काम माझ्याकडे होतं. एकाने ३.५, ३.५ आणि ४ षटकं टाकून ५८ धावा दिल्या होत्या. दुसऱ्याने पूर्ण १२ षटकांत ६०. शीटने पहिल्याची षटकं ११ धरली, धावगती ५.२७ दाखवली, आणि चषक ५ च्या धावगतीवर दुसऱ्याला गेला. पहिल्याचे चेंडू खरं तर २३, २३ आणि २४ मिळून ७० होते, म्हणजे धावगती ४.९७. चूक आठवड्याने लक्षात आली. तोवर चषक कोणाच्या तरी घरच्या कपाटात जाऊन बसला होता. त्या पहिल्या गोलंदाजाला मी जाऊन भेटलो, हिशेब दाखवला, पण चषक काही परत आणता आला नाही.

क्रिकेटमध्ये षटकाचे सहा चेंडू, तसे बेसबॉलमध्ये इनिंगच्या प्रत्येक अर्ध्या भागात तीन बाद. पिचरने पाच पूर्ण इनिंग टाकल्या आणि सहाव्यात एकाला बाद करून तो बाहेर गेला, तर त्याच्या नावावर ५⅓ इनिंग लागतात. छापायला आणि टाइप करायला सोपं म्हणून ते ५.१ असं लिहिलं जातं. दोन बाद असतील तर ५.२. तिसरा बाद झाला की ६.०. टिंबापुढे ०, १ आणि २ यांच्याशिवाय चौथा आकडा येऊच शकत नाही. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांत आपली जीभ तयार झालेली असते, तिसऱ्या हिश्शाची तिला तेवढी सवय नाही. म्हणून सुरुवातीला ‘पाच आणि एक बाद’ असं मोठ्याने वाचायची सवय लावा. ‘पाच पॉइंट एक’ म्हणू नका. ऐकायला बारीक गोष्ट वाटते, पण निम्म्या चुका एवढ्यानेच टळतात.

एक तृतीयांश इनिंगने असा काय फरक पडतो, असं कोणी विचारलं तर मी १९८१ सालचा अमेरिकन लीगचा मोसम सांगतो. संपामुळे तो मोसम तोकडा झाला होता. पिचरचा मुख्य मापदंड इआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर लागलेल्या अर्न्ड रन (क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या सोडून बाकी धावा). बाल्टिमोर ओरिओल्सच्या सॅमी स्टुअर्टने ११२⅓ इनिंगमध्ये २९ अर्न्ड रन दिल्या, ओकलंड एजच्या स्टीव्ह मॅकॅटीने १८५⅔ इनिंगमध्ये ४८. खरा हिशेब केला तर स्टुअर्ट २.३२३ आणि मॅकॅटी २.३२७, म्हणजे स्टुअर्ट पुढे. पण त्या काळी अधिकृत आकड्यांत इनिंग जवळच्या पूर्णांकात धरत. स्टुअर्टच्या ११२ झाल्या, मॅकॅटीच्या १८६. लगेच स्टुअर्ट २.३३०, मॅकॅटी २.३२३, आणि इआरएचा मान मॅकॅटीला गेला. त्यानंतर पूर्णांकाची ती पद्धत सोडून दिली गेली.

आता तीच दोन नावं ११२.१ आणि १८५.२ अशी शीटमध्ये टाका आणि टिंबाला दशांश समजा. स्टुअर्ट २.३२८, मॅकॅटी २.३३३. दोन दशांश स्थळांपर्यंत दोघेही २.३३, म्हणजे बरोबरी! एकच माहिती, वाचायच्या तीन पद्धती, आणि निकाल तीन वेगळे. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका कारणासाठी आहेत.

पायरी पहिली: फाइल दोनदा क्लिक करून उघडू नका

सीएसव्ही फाइलवर दोनदा क्लिक केलं की एक्सेल आपल्या मर्जीने रकान्यांचा अर्थ लावतं. मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून द्या आणि तिला हात लावू नका. रिकामं वर्कबुक उघडून ‘डेटा’ मेनूतून फाइल आयात करा आणि इनिंगचा रकाना ‘टेक्स्ट’ प्रकारात घ्या. गूगल शीट्समध्ये आयात करताना मजकुराचं आकड्यांत, तारखांत आणि सूत्रांत रूपांतर करण्याची खूण काढून टाका.

हे इतकं आग्रहाने सांगण्याचं कारण तारखा. काही ठिकाणांहून इनिंग ‘५ १/३’ अशा अपूर्णांकात येतात. एक्सेल त्याचा ५.३३३ करतं, तेवढं ठीक. पण पिचरने फक्त एकाला बाद केलं असेल आणि नुसतं ‘१/३’ लिहिलं असेल, तर भारतीय मांडणीच्या संगणकावर ती १ मार्च ही तारीख होते, आणि पोटात तारखेचा चाळीस हजारांच्या पुढचा क्रमांक बसतो. पुढे बेरीज केली की त्या पिचरने हजारो इनिंग टाकलेल्या दिसतात. एवढा मोठा आकडा निदान डोळ्यांत खुपतो. तारीख होऊन गेलेल्या खान्याला नंतर ‘टेक्स्ट’ केलं तरी मूळ मजकूर परत येत नाही. पुन्हा आयात करणं हाच मार्ग.

पायरी दुसरी: फाइल कोणत्या लिपीत बोलते ते ओळखा

एकच गोष्ट चार प्रकारे लिहिलेली मला आजवर भेटली आहे: ५.१, ५.३३, ५⅓ आणि १६. शेवटचा प्रकार सगळ्यांत प्रामाणिक. त्यात इनिंग लिहिलेल्याच नसतात, बाद केलेले खेळाडू मोजलेले असतात. शॉन लाहमन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेसबॉल डेटाबेसमध्ये पिचिंगच्या तक्त्यात ‘आयपीआउट्स’ नावाचा रकाना आहे तो हाच. असा रकाना तुमच्या फाइलमध्ये असेल तर तोच घ्या आणि थेट चौथ्या पायरीवर जा.

नसेल तर टिंबापुढचे सगळे वेगवेगळे आकडे एकदा काढून बघा. फिल्टरची यादी उघडली तरी दिसतात. फक्त ०, १, २ असतील तर ती बाद मोजण्याची खूण. ३३, ६७ किंवा ३३३, ६६७ असेल तर खरा दशांश. ३ आणि ७ दिसत असतील तर खऱ्या दशांशाची शेपटी कोणीतरी एका स्थळावर कापली आहे. आणि ०, १, २ यांच्या जोडीला ३३ किंवा ७ पण असेल, तर दोन ठिकाणच्या फायली कोणीतरी एकत्र चिकटवल्या आहेत. अशा फाइलवर सूत्र चालवू नका. कुठली ओळ कुठून आली ते शोधून त्या वेगळ्या करा, प्रत्येकीचं रूपांतर स्वतंत्र करा, मग जोडा. मेहनत आहे, पण दुसरा रस्ता मला तरी सापडलेला नाही.

पायरी तिसरी: सगळं ‘बाद’ मध्ये बदला

इनिंगच्या शेजारी नवा रकाना घाला आणि त्याला ‘बाद’ असं नाव द्या. बाद ही पूर्ण संख्या असते. तिला टिंब नाही, म्हणून तिच्या बाबतीत गैरसमजही नाही.

सगळ्यांत सुरक्षित पद्धत म्हणजे मजकुराचे टिंबावर दोन तुकडे करणं. एक्सेलमध्ये ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ आहे, शीट्समध्ये ‘स्प्लिट’ आहे. विभाजक म्हणून टिंब द्या. डावा तुकडा पूर्ण इनिंग, उजवा तुकडा वरचे बाद. डाव्याला ३ ने गुणा, उजवा मिळवा. ६.२ चे ६ आणि २ होतात, म्हणजे २० बाद. टिंब नसलेल्या ‘७’ ला उजवा तुकडा मिळत नाही, तो शून्य धरा. फाइलमध्ये ⅓ आणि ⅔ अशी चिन्हं असतील तर तुकडे करण्याआधी ‘फाइंड अँड रिप्लेस’ वापरून त्यांच्या जागी .१ आणि .२ घाला, आणि त्यानंतर रकाना अजून टेक्स्टच आहे ना, ते पाहून घ्या.

रकाना आधीच आकड्यांत आलेला असेल तर सूत्र असं (इथे देवनागरीत लिहितो आहे, शीटमध्ये फंक्शनांची नावं, खान्यांचे पत्ते आणि अंक इंग्रजी अक्षरांत टाका):

=इंट(सी२)*३+राउंड((सी२-इंट(सी२))*१०,०)

यातला ‘राउंड’ अनेक जण गाळतात किंवा त्या जागी ‘इंट’ घालतात. असं करू नका. संगणक ६.१ हा आकडा अर्धा, पाव, एक अष्टमांश अशा निम्म्या-निम्म्या होत जाणाऱ्या अपूर्णांकांनी साठवतो आणि ६.१ त्यात नेमका बसत नाही. त्यातून ६ वजा केले की ०.१ ऐवजी ०.०९९९९९९९९९९९९९६४ उरतात. दहाने गुणल्यावर एकाच्या किंचित खाली राहतं, आणि ‘इंट’ त्याचं सरळ शून्य करून टाकतो. म्हणजे पिचरने कमावलेला एक बाद गायब. ३.१ ला हेच सूत्र चुकत नाही, कारण ३.१ वजा ३ एक केसभर जास्त भरतं. काही ओळी बरोबर आणि काही चूक, अशी चूक शोधायला दिवस जातो. ‘राउंड’ घातला की प्रश्नच उरत नाही.

फाइल खऱ्या दशांशातली असेल, ५.३३ किंवा ५.७ सारखी, तर सूत्र अगदी छोटं: आकड्याला ३ ने गुणा आणि ‘राउंड’ करा. ५.३३ चे १५.९९, म्हणजे १६. ५.७ चे १७.१, म्हणजे १७. पण हेच सूत्र चुकून बाद-खुणेच्या फाइलवर चालवलं तर ५.१ चे १५ बाद आणि ५.२ चे १६ बाद येतात. दोन्ही चूक, आणि दोन्ही दिसायला निरुपद्रवी. दुसरी पायरी डोळसपणे करायची ती यासाठी.

पायथॉनमध्ये काम करणाऱ्यांनी पांडाजने फाइल वाचतानाच इनिंगच्या रकान्याचा प्रकार स्ट्रिंग द्यावा, टिंबावर तुकडे करावेत, रिकाम्या उजव्या तुकड्यात शून्य भरावं आणि मग दोन्हींना पूर्णांक करावं. फ्लोटला वाटेत येऊच देऊ नये.

पायरी चौथी: सगळा हिशेब बादांवरच

एका पिचरच्या पाच सामन्यांत ५.२, ६.१, ४.२, ७.० आणि ५.१ इनिंग आहेत, ११ अर्न्ड रन आहेत. बाद झाले १७, १९, १४, २१ आणि १६. एकूण ८७, म्हणजे बरोबर २९ इनिंग. शीटची कच्ची बेरीज मात्र २७.६. इनिंगच्या रकान्यावर थेट बेरीज करू नका, सरासरी काढू नका, पिव्हट टेबलमध्ये तर तो रकाना ओढूच नका.

नऊ इनिंगचे बाद २७, म्हणून इआरए म्हणजे अर्न्ड रन गुणिले २७ भागिले बाद. ११ गुणिले २७ भागिले ८७, उत्तर ३.४१. कच्च्या बेरजेवरून आला असता ३.५९. दर नऊ इनिंगमागचे स्ट्राइकआउट असेच, २७ ने गुणून. व्हिप, म्हणजे दर इनिंगमागे दिलेले हिट आणि वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळालेला पहिला बेस), काढायचा तर दोन्हींची बेरीज गुणिले ३ भागिले बाद.

या चुकीची दिशा नेहमी एकच असते. .१ हे ०.३३३ पेक्षा लहान आणि .२ हे ०.६६७ पेक्षा लहान, त्यामुळे इनिंग कमी भरतात आणि पिचर आहे त्याहून वाईट दिसतो. पूर्ण मोसमाच्या १८०.२ मध्ये फरक पाव टक्क्याच्या आसपास, कोणाच्या लक्षातही येत नाही. पण एका बादपुरता आलेला आणि एक अर्न्ड रन देऊन गेलेला रिलीफ पिचर, म्हणजे सामन्याच्या मध्येच बदली आलेला पिचर, घ्या. त्याचा त्या दिवसाचा खरा इआरए २७, आणि ०.१ ने भागून येतो ९०. फायलीत सामन्यागणिक ओळी असतील तर हे विष तिथे जास्तीत जास्त भिनतं, आणि बळी जातात ते थोडा वेळ येऊन अवघड जागी टाकणारे. मला याचं वाईट वाटतं, कारण सामन्याच्या शेवटी जीव मुठीत धरून टाकणारे तेच असतात.

किमान पात्रतेची अट तपासतानाही बादच वापरा. इआरएच्या मानासाठी संघाच्या प्रत्येक सामन्यामागे एक इनिंग लागते, म्हणजे १६२ सामन्यांच्या मोसमात ४८६ बाद. १६१.२ वाल्याचे ४८५. तो एका बादने राहिला, आणि ‘साधारण १६२’ म्हणून त्याला आत घेता येत नाही.

शून्य बादांच्या ओळी काढून टाकू नका. २३ जून १९१७ रोजी बोस्टनच्या बेब रूथने वॉशिंग्टनच्या पहिल्याच फलंदाजाला वॉक दिला, अंपायरशी भांडला आणि मैदानाबाहेर काढला गेला. अर्नी शोर आला. वॉकवर गेलेला धावपटू बेस चोरताना बाद झाला आणि पुढचे २६ जण शोरने ओळीने परतवले. रूथच्या नावावर शून्य बाद, शोरच्या नावावर सगळे २७, कारण बाद त्याच्या खात्यात पडतो जो त्या क्षणी पिचिंग करत असतो. रूथची ओळ वगळली तर त्याचा वॉक मोसमाच्या बेरजेतून नाहीसा होईल. ओळ ठेवा. फक्त भागाकाराच्या सूत्राला ‘इफ’ लावून, बाद शून्य असतील तर खाना रिकामा राहील असं करा. तिथे शून्य भरू नका. शून्य इआरए म्हणजे उत्तम पिचर, आणि पुढे क्रमवारी लावली की तो सगळ्यांच्या वर जाऊन बसेल.

पायरी पाचवी: छापताना परत इनिंग

वाचणाऱ्याला ८७ बाद कळत नाहीत, त्याला २९.० हवं असतं. बादांना ३ ने भागून पूर्ण भाग घ्या, बाकी घ्या, आणि दोन्हींच्या मध्ये टिंब ठेवून मजकूर जोडा. मुद्दाम मजकूर म्हणूनच ठेवा, म्हणजे पुढे कोणी त्यावर ‘सम’ने बेरीज करायला गेला तर शीट शून्य दाखवेल.

सरासरीला मात्र हा नियम लागत नाही. वरच्या पिचरने पाच सामन्यांत ८७ बाद केले, म्हणजे सामन्यामागे १७.४ बाद, इनिंगमध्ये ५.८. हा ५.८ खरा दशांश आहे. ज्या तक्त्यात शेजारीच ५.१ आणि ५.२ बाद-खुणेत लिहिलेले असतील, त्यात तो तसाच ठेवला तर वाचणारा फसतो. मी अशा रकान्याच्या मथळ्यात ‘सरासरी, दशांशात’ असं स्पष्ट लिहितो.

पायरी सहावी: ताळा

नऊ इनिंगच्या सामन्यात यजमान संघाच्या पिचरांचे बाद मिळून २७ व्हायलाच हवेत, कारण पाहुणे नऊ वेळा फलंदाजी करतातच. पाहुण्या संघाच्या पिचरांचे २४ भरले तरी चालतात. यजमान पुढे असतील तर नवव्याचा उत्तरार्ध खेळलाच जात नाही. यजमानांनी शेवटच्या डावात सामना मारला तर अधलेमधले आकडे येतात, २५ किंवा २६. जादा इनिंग आणि पावसाने आखूड झालेले सामने वेगळे काढा. २०२० आणि २०२१ मधले एकाच दिवशीचे जोडसामने सात इनिंगचे होते, तिथे २७ ऐवजी २१ पाहा. प्रत्येक सामन्याची संघवार बेरीज या चौकटीत बसली तर रूपांतर नीट झालं असं मी मानतो. न बसलेला प्रत्येक सामना उघडून पाहतो. डिचोलीच्या त्या मुलाच्या फायलीत असे चार सामने निघाले. त्यांतल्या तीन सामन्यांत जादा इनिंग होत्या, चौथ्यात कोणीतरी ०.२ च्या जागी २.० टाइप केलं होतं.

क्षेत्ररक्षकांच्या इनिंगसुद्धा याच खुणेत येतात, तेव्हा कॅचर किंवा शॉर्टस्टॉपच्या फायलींना हीच वागणूक द्या.

आणि गावच्या क्रिकेटसाठी: षटकांना ६ ने गुणून टिंबापुढचे चेंडू मिळवा, बाकी सगळं तेच. टिंबापुढे ० ते ५ एवढेच अंक चालतात. ६ दिसला की गुणलेखकाला फोन करा. नेट रनरेट काढताना सर्वबाद झालेल्या संघाची पूर्ण षटकं धरायची असतात, त्यामुळे ती ओळ चेंडूंत बदलण्याआधी बाजूला काढा. जुनी ऑस्ट्रेलियन धावपत्रकं हाताशी असतील तर आधी साल पाहा. तिथे १९७८-७९ च्या मोसमापर्यंत षटक आठ चेंडूंचं होतं, आणि त्यातल्या ७.६ चे ४८ चेंडू होत नाहीत, ६२ होतात.